गाडीतला चोर

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

गाडीला झेंडूचा हार घातला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि किल्ली फिरवली. स्टार्टर खर्र खर्र फिरला, पण इंजिन लागेना. पुन्हा फिरवली, तेच. मालिनी ओवाळायचं तबक घेऊन पडवीत उभी होती. म्हणाली, "राहू दे हो. आज नाही तर नाही." तिच्या आवाजात वाईट वाटल्याचं काही नव्हतं. हे नमूद करून ठेवतो.

मी बत्तीस वर्षं ऑडिटमध्ये काढली. जिल्ह्यातल्या ग्रामपंचायती तपासल्या. एखादी गोष्ट आपोआप बिघडते यावर माझा विश्वास नाही. सप्टेंबरअखेर मी खेडला मामेभावाच्या बाराव्याला गेलो आणि दोन रात्री राहिलो. त्याआधी गाडी उत्तम चालत होती. त्यानंतर किल्ली लावली ती आजच. म्हणजे जे झालं ते माझ्या पाठीमागे झालं.

आमची फियाट अठ्ठ्याऐंशी सालची. दर भाऊबीजेला तिच्यातून जयगडच्या फेरीबोटीने गुहागरला यमुताईकडे जायचं हा माझा शिरस्ता आहे. यंदा आर्याही यायची आहे. नात नऊ वर्षांची झाली, पण आजोबांच्या गाडीतून बोटीत चढायची तिची हौस अजून राहिली आहे. मी तिला शब्द दिला आहे. तेव्हा गाडी चालू व्हायलाच हवी.

१४ ऑक्टोबर, सोमवार

नाचणे रोडवरचा संदेश इलेक्ट्रिशियन येऊन गेला. पोरगा तसा सरळ, पण आज माझ्या नजरेला नजर देत नव्हता. बॉनेट उघडून इकडे तिकडे टेस्ट लॅम्प लावला. त्याची चिमटी गाडीच्या पत्र्याला लावायची आणि टोक वायरीला टेकवायचं. करंट असेल तर बल्ब पेटतो. एवढं मलाही समजतं.

"काका, बॅटरी चांगली हाय. पन कॉईलपर्यंत करंट पोचत नाय." मग डोकं खाजवून म्हणाला, "भौतेक वायरीला अर्थ मिळत नाय."

मी म्हटलं, "मलाही मिळत नाही. चालती गाडी उभ्याउभ्या बंद पडते, याला काय अर्थ?" एरवी माझ्या असल्या विनोदांना तो हसतो. आज हसला नाही.

"जुना वायरिंग हाय, काका. दिवाळीनंतर निवांत बघू."

दिवाळीच्या तोंडावर काम पुढे ढकलणारा कारागीर मी आयुष्यात पाहिलेला नाही. मी म्हणालो, ठीक आहे, मीच शोधतो. त्यावर त्याने मालिनीकडे पाहिलं आणि मालिनीने त्याच्याकडे. त्या पाहण्याची मला शंका आली आहे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पुण्याला सलीलला फोन करून वायरिंगचा नकाशा मागितला. चिरंजीवांनी आधी नेहमीचं पालुपद लावलं, "बाबा, डोळे कधी दाखवताय?" विषय कुठलाही काढा, गाडी डोळ्यांवर येते. डॉक्टरांचं मला ठाऊक आहे. चाळिशी ओलांडलेला माणूस दिसला की त्याला काचबिंदू, आणि मग जन्मभर थेंब.

माझ्या वडिलांना, अप्पांना, शेवटची सहा वर्षं भिंत धरून चालावं लागे. त्या विषयावर मला लिहायचं नाही.

नकाशा आला. बाजारात मोठा करून छापून घेतला. छपाई इतकी फिकट की निम्म्या रेघा दिसतच नाहीत. दुकानदाराला सुनावलं. तो म्हणाला, काका, काळीभोर आहे की. शाईत काटकसर करायची आणि वर गिऱ्हाइकाला खोटं पाडायचं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

तीन दिवस फुकट गेले. सलीलने पाठवलेला नकाशा परदेशी गाडीचा आहे. त्यात स्टिअरिंग डावीकडे! नकाशात किल्लीची वायर जिथून निघते तिथे आमच्या गाडीत मालिनीच्या गुडघ्यासमोरचा कप्पा. मी त्या कप्प्याच्या मागे हात घालून फ्यूजचा डबा शोधत बसलो होतो. आता सगळं उलटं धरून वाचायचं, आरशात भांग पाडल्यासारखं.

एवढा शिकलेला मुलगा, त्याला डावं-उजवं कळू नये? की मुद्दाम पाठवला? लिहितानाही बरं वाटत नाही, पण शंका आली ती आली.

आणखी एक. मालिनीने पडवीच्या पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगाने रंगवून घेतल्या. म्हणाली दिवाळीसाठी. आजवर कुठल्या दिवाळीला रंगवल्या होत्या?

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज मालिनीला बॅटरीचा उजेड धरायला बसवलं. मी उताणा पडून डॅशबोर्डखाली डोकं घातलं. वायरींचा जुडगा हातात घेऊन एकेक सोडवू लागलो. पहिल्याच वायरीला वाद.

"ही काळी," मी म्हटलं.

"काळी कुठली? निळी आहे. मोरपंखीकडे झुकणारी."

"आणि ही?"

"आमसुली."

मी म्हटलं, मोटारीच्या कंपन्या आमसुली वायरी काढत नाहीत, तू साडी नेसायला निघालेली नाहीस. ती म्हणाली, "मग तपकिरी म्हणा. पण काळी नव्हे." त्यानंतर पांढरी की पिवळी यावरून झालं. मला स्पष्ट पिवळी दिसत होती. तिने ती पांढरी असल्याची शपथ घ्यायचीच बाकी ठेवली. असल्या साक्षीदारावर कोण विश्वास ठेवील? मी तिचे रंग बाजूला ठेवून माझे धरले आणि तासाभराने पाहतो तर माग काढत वायपरपाशी पोचलो होतो.

ती मुद्दाम चुकीचं सांगते आहे. दुसरं कारण दिसत नाही.

मी वर आलो तेव्हा तिचे डोळे ओले होते. विचारलं तर म्हणाली, बॅटरीचा उजेड लागला. उजेड तर माझ्या अंगावर होता.

२१ ऑक्टोबर, सोमवार

आज जे ऐकलं ते शब्दशः लिहून ठेवतो. मी मागच्या आगरात सुपाऱ्या वेचत होतो. संदेश आलेला मला कोणी सांगितलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला.

संदेश म्हणाला, "काकी, कायेक काळजी करू नका. चोर असा आत बसवलाय की काकांना जल्मात गावनार नाय."

आणि माझी बायको, पस्तीस वर्षांचा संसार, म्हणाली, "हळू बोल. आर्या परत जाईपर्यंत तरी राहू दे त्याला आत. मग बघू."

सुपाऱ्यांची टोपली तशीच टाकून मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. चोर आत बसवलाय. आमच्या घरात. माझ्या बायकोच्या संमतीने.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

रात्रभर विचार केला. आत कोण बसतं? रोज, नेमाने, चहाच्या वेळी? महिपत.

महिपत हा आमचा शेजारी, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. गेली चार वर्षं आमच्या पडवीत बसून आमचा पेपर वाचतो. दर महिन्याला एकदा विचारतो, "काय श्रीपतराव, गाडी विकायला काढायची का?" मी आजवर थट्टेवारी नेत होतो. आता सगळं जुळलं. गाडी बंद पाडायची, भंगार ठरवायची आणि मातीमोलाने लाटायची. फाटकाच्या खांबावर डावा मडगार्ड दोनदा घासला, तोही गवंड्याने खांब वाकडा बांधला म्हणून, असं मी समजत होतो. आता वाटतं त्यातही याचाच हात असेल.

सकाळी तो आला तेव्हा मी पेपर घडी करून बुडाखाली घेतला. फाटकाला नवं कुलूपही आणलं आहे. महिपत बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "माझं काही चुकलं काय?" बेरकी माणूस. तो गेल्यावर मालिनी म्हणाली, "त्या बिचाऱ्यावर कशाला राग?" बिचारा!

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

सापडला.

आज मी नकाशा आणि मालिनीचे रंग दोन्ही सोडून दिले. डॅशबोर्डखाली तसाही उजेड पुरत नाही. ती भाजीला गेल्यावर आत शिरलो, डोळे मिटून घेतले आणि बोटांनी माग काढला. किल्लीच्या मागून निघालेली जाडसर वायर धरली. अठ्ठ्याऐंशीचं आवरण आता वाळून कडक झालं आहे, वाकवलं तर करकरतं. वीतभर गेलो आणि वायर एकदम मऊ लागली. नवी. त्यावर चिकट टेप, तीही नवी. किल्लीपासून कॉईलला जाणारी वायर तिथे कापून तिला नवा तुकडा जोडला होता. तो सगळा डॅशबोर्ड ओलांडून डावीकडे गेला, मालिनीच्या जागेपर्यंत. तिथे कप्प्याखालच्या कडेच्या आड, बसल्याजागी तिचा हात पोचेल असं, एक बटण.

किल्ली फिरवून बटण दाबलं. बाजारातून आणलेला टेस्ट लॅम्प कॉईलला लावून लांब वायरीने खिडकीत लटकवला होता, तो पेटला. पुन्हा दाबलं, विझला.

मी तिच्या सीटवर बसून राहिलो. महिपत गाडीच्या डाव्या बाजूला कधीच बसलेला नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

बटण काढून खिशात घातलं आणि साळवी स्टॉपच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाला विचारलं, हे कसलं?

"हा चोर स्विच, काका."

"काय?"

"चोर स्विच. चोरखिसा नसतो का, तसा. लपवून बसवतात. हा बंद केला की किल्ली असली तरी गाडी चालू होत नाही. चोराच्या हाती लागू नये म्हणून."

म्हणजे चोर आत बसवलाय, तो हा. महिपत सुटला. त्याची मला लाज वाटते आहे, पण माफी मागायला अजून धीर होत नाही.

पण प्रश्न तसाच आहे. गाडी चोराच्या हाती लागू नये म्हणून हे बसवतात. मग आमच्या घरात चोर कोण ठरला?

त्यांच्या मनात ऑगस्टमधलं असणार. भाट्याच्या पुलाजवळ मासेवाली मालन टोपली घेऊन डावीकडून चालली होती. मालिनी किंचाळली, मी ब्रेक दाबला, टोपली रस्त्यावर उपडी झाली. मालनला खरचटलंही नाही. ती एकदम जमिनीतून उगवल्यासारखी आली, यात माझा काय दोष? मालिनी म्हणते ती पुलाच्या सुरुवातीपासून समोर चालत होती. असं कसं असेल? समोर असती तर मला दिसली नसती का?

२८ ऑक्टोबर, सोमवार

कोणाला काही बोललो नाही. मालिनी हळदीकुंकवाला गेली होती. कापलेल्या वायरीची दोन्ही टोकं थेट जोडून वर टेप गुंडाळली. बटण होतं तिथे नुसतंच लटकवून ठेवलं, बघणाऱ्याला वाटावं आहे तसंच आहे. किल्ली फिरवली. पहिल्या झटक्याला इंजिन लागलं. लगेच बंद केलं.

आता त्यांना ठाऊक नाही की मला ठाऊक आहे. जेवताना मालिनीने विचारलं, "मिळाला का हो दोष?" मी म्हटलं, शोधतोय. तिला हायसं वाटलेलं दिसलं. मला फार एकटं वाटलं.

३० ऑक्टोबर, बुधवार

सलील, सूनबाई श्रद्धा आणि आर्या आले. आर्याने उतरल्या उतरल्या विचारलं, "आजोबा, बोट?" मी तिच्या कानात सांगितलं, बोट. सलील अंगणात गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि आईकडे पाहून त्याने मान हलवली. तोही कटात आहे. नकाशाचा उलगडा झाला.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज. गुहागर

यमुताईकडे माजघरात बसून लिहितो आहे.

सलील आणि श्रद्धा सकाळी तिच्या भावाकडे सावर्ड्याला गेले, त्यांची गाडी घेऊन. मालिनीने आमच्यासाठी महिपतला भाड्याची गाडी आणायला सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, "भाड्याची कशाला? दारात आपली आहे."

ती हसून म्हणाली, "चालू झाली तर जाऊ की."

मी बसलो, किल्ली फिरवली, इंजिन लागलं. इतके दिवस या क्षणाची वाट पाहत होतो. वाटलं होतं तिचा चेहरा पडेल आणि मला आनंद होईल. चेहरा पडला, पण ती घाबरली होती. आनंद झाला नाही.

"तुझा चोर मी केव्हाच पकडलाय," मी म्हणालो.

"मीच बसवला," ती म्हणाली. "सलीलला विचारून, संदेशच्या पाया पडून. तो नाही म्हणत होता. तुम्ही डॉक्टरकडे जात नाही, गाडी सोडत नाही. मी आणखी काय करणार होते?"

"मला सांगायचंस."

"ऑगस्टपासून रोज सांगत्ये. तुम्ही ऐकता का?" मग खिडकीपाशी आली आणि हात पुढे केला. "किल्ली द्या. पाच मिनिटांनी परत देते. तेवढ्यात माझी खात्री पटवा. मग म्हणाल तिथे येईन, आर्यालाही घेऊन."

माझ्या बाजूने मी निर्धास्त होतो. इंजिन बंद केलं, किल्ली तिच्या हातात ठेवली. तिने ती कमरेला खोचली.

"आता समोर फाटकाकडे बघा. नेहमी गाडी काढताना बघता तसं. मान वळवायची नाही."

मी पाहिलं. फाटक, त्यापलीकडे रस्ता, महिपतचं कुंपण. सगळं लख्ख. काही वेळ गेला.

"मी कुठे आहे?" तिने विचारलं. आवाज बाहेरून आला.

"पायऱ्यांपाशी."

"आर्या कुठे आहे?"

"तुझ्याजवळच असणार."

आर्या खुदकन हसली. "आजोबा, हरलात."

मी मान वळवली. गाडीच्या डाव्या दिव्यावर हात ठेवून आर्या उभी होती. तिच्या खांद्यांवर दोन्ही हात घट्ट धरून मालिनी मागे. पिवळाधमक फ्रॉक, आजच पहिल्यांदा घातलेला. किल्ली कमरेला होती म्हणूनच मालिनी पोरीला तिथे उभी करू शकली.

पहिल्यांदा मनात आलं की या दोघी खाली वाकल्या असतील. मी आर्याला विचारलं, "तू खाली बसली होतीस का गं?"

"नाही. आजी म्हणाली, अगदी ताठ उभी राहा."

पोर खोटं बोलत नाही. मी तिला समोर ठेवून फाटकाकडे पाहत होतो आणि मला सगळं लख्ख दिसत होतं. किल्ली माझ्याकडे असती तर मी त्याच क्षणी पहिला गिअर टाकला असता.

मी गाडीतून उतरलो आणि मला रडू आलं. आर्याला कळेना, हरल्यावर आजोबा रडतात का. मालिनीने किल्ली परत पुढे केली, शब्द दिला होता म्हणून. मी घेतली नाही. तेवढ्यात महिपत भाड्याची गाडी मिळत नाही हे सांगायला आला. त्याच्या हातात मी किल्ली दिली. म्हटलं, "महिपतराव, माझं चुकलं. गुहागरला न्याल का?" त्याने काय चुकलं ते विचारलं नाही. "चपला बदलून आलो," म्हणाला.

मी डावीकडे बसलो, मालिनी मागे. बोटीत चढताना आर्याने मागून माझा गळा धरला. महिपत दुसऱ्या गिअरला फार वेळ रेंगाळतो. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

ओवाळताना ताईने विचारलं, "गाडी कोणी आणली रे?" मी म्हटलं, "ड्रायव्हरने." ती म्हणाली, "मोठा साहेब झालास." सगळे हसले.

६ नोव्हेंबर, बुधवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मालिनी बरोबर होती, पण तपासणीच्या खोलीत एकट्यालाच घेतात. एक डोळा झाकला. पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला कुठे बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. सोपं आहे.

पहिले तीन-चार दिवे भराभर आले. मी भराभर दाबलं. मग दिवे यायचे थांबले. मी वाट पाहिली. वाट पाहून कंटाळलो.

म्हटलं, "बाई, मशीन बंद पडलेलं दिसतंय. मागची वायर हलली असेल, बघा जरा."

त्या मुलीचं वय श्रद्धाएवढं असेल. अंधारातून तिचा आवाज आला, अगदी हलका, "नाही काका. दिवे लागतायत."

मग मी अंदाजाने मधून मधून बटण दाबायला सुरुवात केली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "काका, न दिसता दाबू नका. मशीनला कळतं."

त्यानंतर दिसलं तेव्हाच दाबलं. बराच बराच वेळ बोट नुसतं बटणावर होतं.